हिरव्या नावाची फाईल

लातूरच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघं सराव परीक्षांचं सॉफ्टवेअर लिहायचो, एकाच कॉम्प्युटरवर, पाळीपाळीनं. माझा जोडीदार उदगीरचा. सर कौतुक करायचे ते त्याचंच, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कामाचा प्रत्येक टप्पा जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये नवी फाईल टाकलेली नसेल, तर कोड लिहायचा आमचा एडिटर तिचं नाव हिरवं दाखवायचा. त्या दुपारी एकच नाव हिरवं होतं. पोरांचे रँक काढणारी त्याची फाईल, आठवडाभराची मेहनत. साफसफाईच्या नावाखाली मी गिटमध्ये न टाकलेलं सगळं रद्द करायचं बटण दाबलं. फाईल कायमची जाईल, असं एडिटरनं बजावलं. मी ते दोनदा वाचलं आणि 'हो' केलं.

संध्याकाळी तो आला, फाईल शोधशोध शोधली आणि कपाळावर हात मारून हसला.

"चूक माझीच हाय. गिटमध्ये टाकायची राहिली. तुझी नवी फाईल तेवढी सकाळीच टाकून ठेवली बघ. तू लई विसरतोस म्हणून."

हिरवं नाव एकच का होतं, ते तेव्हा कळलं. त्याच्या हुशारीचा राग कधीच ओसरला. या चांगुलपणाचा अजून जात नाही.