दोन टाके आणि अठ्ठ्याण्णव किलोमीटर

इथले अनुभव वाचताना मी बहुतेकदा मनात "काहीतरीच!" म्हणत आलोय. भूत, चकवा, कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. माझी नोकरी मोजमापं तपासण्याची. म्हणून जे मोजलं तेवढंच लिहितो.

माझी जीप एकवीस वर्षांची. आई वैरागला एकटी राहते. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला सोलापूरला आणावं लागतं. एसटीत तिला बसवत नाही आणि सोलापुरात राहायला ती तयार नाही. म्हणजे जीप बंद, की डायलिसिस बंद.

एका गुरुवारी सकाळी मागच्या डाव्या चाकाकडून कटकट आवाज यायला लागला. सात रस्ता चौकाजवळ सलीमभाई मिस्त्रींकडे नेली. स्प्रिंगचा पाटा चेसीला धरून ठेवणारा ब्रॅकेट गंजून निम्मा सुटला होता, बोट लावलं की पापुद्रे हातात. प्लेट लावून वेल्डिंग करतो म्हणाले. मी ऑफिसला गेलो.

दीडला फोन केला, "झालं का?"

"टाके मारे साब, अब..." आणि फोन कट.

आता आमच्या घरात टाके पडले म्हणजे काम झालं... मग तो ब्लाउज असो की आईच्या हाताचं ऑपरेशन. गॅरेजवर गेलो तर लाईट गेलेली, मिस्त्री जेवायला गेलेले. जीप चाकांवर उभी होती, दुसरी किल्ली माझ्याकडे होती. काढली आणि आईला आणायला वैरागला निघालो.

वैरागला वीस मिनिटं थांबलो. मी आत चहा घेत होतो, आई आधीच अंगणात जाऊन उभी. गाडीत बसताना म्हणाली, "गाडीखालचं मानूस उठलं का रं?"

"कुठलं माणूस?"

"निजून कायतरी करत हुतं की. डाव्या हातानं. लई उजेड पडत हुता."

वाकून पाहिलं. कोणी नाही.

"आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता उरकून घेऊ."

"तुज्याच डोळ्यात झालाय मोतीबिंदू."

डायलिसिस झालं, आईला रात्रीपुरतं आमच्या घरी आणलं, तेव्हा कुठे मोबाईल पाहिला – सलीमभाईंचे अकरा मिस्ड कॉल. फोन लावला तर माणूस ओरडतच होता.

"पागल हो गये क्या साब! दो टाके मारा मैं, सिरफ दो! पकडके रखने कू! वेल्डिंग किधर हुई? लाईट गई ना!"

मीटर पाहिला. गॅरेज सोडल्यापासून अठ्ठ्याण्णव किलोमीटर. त्यातले एकोणपन्नास आई मागच्या सीटवर, बरोबर त्या चाकाच्या वर.

सकाळी सलीमभाई स्वतः घरी आले. गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मग मलाच आत ओढलं. ब्रॅकेटला सलग वेल्डिंग होतं. पट्टीने मोजलं – साडेअकरा सेंटिमीटर, कुठेही खंड नाही.

"किससे कराया?"

"कोणाकडूनच नाही."

"झूठ मत बोलो साब. ये डावरे का हाथ है. देखो, उलटी जा री लाईन."

आईचं बोलणं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये चौकशी केली, गाडीजवळ कोणी फिरकलेलं नाही. बायको म्हणते, "झालं ना चांगलं? असू दे की." असू दे कसं? बिनविजेचं, बिनमशीनचं वेल्डिंग!

आणि खरा वैताग उजव्या बाजूचा. तिकडचा ब्रॅकेटही गंजलेलाच. सलीमभाई म्हणे, "दो टाके मारता मैं, वैराग ले जाओ." मी चिडलो, समोर उभं राहून पक्कं वेल्डिंग करून घेतलं. सहा महिन्यांत ते दोनदा चिरलं. डावं मी दर रविवारी टॉर्च आणि पट्टी घेऊन तपासतो. साडेअकरा सेंटिमीटर, केसाएवढी चीर नाही, गंज नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसरी चीर नेमकी वैरागला पोचल्यावर दिसली. आई दारातून म्हणाली, "त्या मानसाला इकडची बाजू बी दावायची हुतीस की!"

त्या दिवशी आत बसून चहा प्यायला मी चाळीस मिनिटं लावली.

बाहेर येऊन पाहिलं तर चीर होती तिथेच. शेवटी गावातलाच वेल्डर बोलवावा लागला. तो उजव्या हाताचा निघाला.