अर्ध्या ओळीची दुरुस्ती

निवडून येऊन चार वर्षं झाली, तरी कोर्टामागच्या दुकानांच्या रांगेत त्यांना कुणी आमदार म्हणत नसे. तिथे ते वकीलसाहेबच होते. खरं तर ही आमदारकी त्या रांगेचीच देणगी. मालकाला धोकादायक ठरलेली जुनी इमारत पाडून भाडेकरूंना बाहेर काढायचं होतं आणि वकीलसाहेबांनी तो दावा असा काही लढवला, की मालकाचे तीन वकील बदलले पण एक कुलूप हललं नाही. पेपरात फोटो आला, पक्षाचा माणूस तिकीट घेऊन दारात आला. त्यांनी काळा कोट उतरवला आणि दावा आपल्या हाताखाली तयार झालेल्या वकीलबाईंकडे सोपवला.

सभागृहात गेलं की वकिलाला बोलायला मिळतं, हा त्यांचा गोड गैरसमज. गटनेत्याने मान हलवली की बाक वाजवायचा, बोट दाखवलं की बटण दाबायचं. बाकी दिवसभर बदल्या, शाळाप्रवेश आणि गटारं. न उघडणाऱ्या खिडकीजवळ बसून ते शिफारसपत्रांवर सह्या ठोकत आणि मनातल्या मनात उलटतपासण्या घेत. कोर्टात निदान समोरचा वकील तरी ऐकत असे.

म्हणून भाडेकायद्याचं नवं विधेयक समितीपुढे आलं आणि गटनेता म्हणाला, "वकीलसाहेब, जरा नजर टाका," तेव्हा उपाशी माणूस ताटावर तुटून पडावा तसे ते त्या कागदांवर तुटून पडले. इमारत धोकादायक ठरली की भाडेकरूने जागा सोडायची, असा मसुदा होता. दुसऱ्या दिवशी ते समितीत उभे राहिले. "आधीपासून कोर्टात पडून असलेल्या दाव्यांचं काय? मसुदा गप्प आहे. उद्या कोणीही ऐरागैरा वकील यातून सुटेल." आणि तिथल्या तिथे त्यांनी अर्धी ओळ सांगितली: प्रलंबित दाव्यांनाही हे लागू राहील. बाकं वाजली. "याला म्हणतात वकील," अध्यक्ष म्हणाले. साहेब त्या दिवशी पायऱ्या न मोजता उतरले, इतके खूश होते.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "मास्तरांकडे तुमचा कोट पडलाय. अस्तर बदलून झालंय म्हणे."

मास्तर म्हणजे त्या रांगेतला शिंपी, दाव्यातला पहिला अर्जदार. साहेबांचा हात ताटातच थांबला. दावा अजून चालू होता. म्हणजे प्रलंबित. त्यातून सुटला असता तो वकील ऐरागैरा नव्हता, त्यांनीच शिकवलेली बाई होती. खिंडार दिसलं की बुजवायचं, ही हाताला लागलेली सवय. कुणाचं घर कुठल्या बाजूला आहे, हे बघायचं राहूनच गेलं.

"बरं नाही का वाटत?" बायकोने विचारलं. त्यांना खरंच बरं वाटत नव्हतं.

सकाळी ते गटनेत्याच्या खोलीत गेले. "ती दुरुस्ती मागे घेता येईल का?"

"अहो, तिच्यासाठी वरून शाबासकी आलीय. सभागृहात विधेयकावर तुम्हीच बोलायचं, असं ठरलंय."

"आणि मी विरोधात मत दिलं तर?"

"पक्षादेश निघालाय. तुमचं पद जाईल, आणि विधेयक तरीही मंजूर होईल." गटनेत्याने चहा पुढे सरकवला. "मग मिळवलंत काय?"

आयुष्यभर लोकांच्या युक्तिवादात भोकं शोधलेल्या माणसाला या युक्तिवादात एकही भोक सापडलं नाही. राजीनाम्याची भाषा त्यांनी आंघोळ करताना दोनदा जुळवली, पण आंघोळीबाहेर ती काही आली नाही. ते बोलले, छान बोलले, बटण दाबलं. आपल्याच आवाजाची त्यांना त्या दिवशी किळस आली.

कायदा लागू झाला आणि पुढच्याच तारखेला कोर्टाने दुकानं रिकामी करायचा हुकूम दिला. दोन दिवसांनी मास्तर कोट घेऊन त्यांच्या घरी आले. खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"बाई जीव तोडून भांडल्या," मास्तर म्हणाले. "पण म्हणाल्या, एवढी अर्धी ओळ नसती तर आपण वाचलो असतो. कुणी घातली असेल हो साहेब?"

"मी," साहेब म्हणाले. "मास्तर, ती ओळ मी घातली. समितीत, माझ्या तोंडाने."

मास्तर हळूच हसले. "साहेब, आता उगाच दुसऱ्याचं स्वतःच्या अंगावर घेऊ नका."

"अहो, खरंच मी."

"ओळखत नाही का मी तुम्हाला? आमच्यासाठी तुम्ही रक्त आटवलंत. वरच्या लोकांची नावं सांगता येत नसतील तुम्हाला, समजतं मला. तुमचेही हात बांधलेले."

"मास्तर, ऐका माझं. मला वाटलं नव्हतं की..."

"नका बोलू. त्रास होतो तुम्हाला." मास्तरांनी कोट त्यांच्या खांद्यांवर चढवला, सवयीने पाठीवरची सुरकुती सरळ केली आणि शिलाई न घेता निघून गेले.

मास्तरांनी ही गोष्ट रांगेत प्रत्येकाला सांगितली. दुकानं रिकामी करून झाल्यावर सातही दुकानदार साहेबांच्या दारात आले. साहेबांनी पुन्हा एकदा, नीट समजावून, सगळं कबूल केलं. घड्याळवाल्याने डोळे पुसले. असा माणूस शोधून सापडणार नाही, म्हणाला, आणि पुढच्या निवडणुकीलाही तुम्हीच उभं राहायचं, असं सगळ्यांनी त्यांच्याकडून वचन घेतलं.