अर्जंटचं टेबल

"बाई, उद्या या." आमचा क्लार्क हे तिसऱ्यांदा सांगत होता आणि खिडकीबाहेरची मंदाबाई जागची हलत नव्हती.

"उद्या उद्या करून पंधरा दिवस झाले गा भाऊ! रिपोर्टबिगर डॉक्टर ऑपरेशनची तारीख देऊन नाही राहिले. माणसाले घास गिळता येऊन नाही राहिला."

ती सावनेरहून यायची. नवऱ्याला सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन गालात गाठ झालेली. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. तो तुकडा एका बाटलीत आमच्या लॅबला आला होता. पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरच्या त्या सरकारी दवाखान्यात सीनियर टेक्निशियन म्हणून येऊन मला आठच दिवस झाले होते.

मी स्वतः शोधायला गेले. लॅबमध्ये दोन टेबलं. एक 'साधं', एक 'अर्जंट'. साध्यावर पाच-सहा बाटल्या. अर्जंटवर ठेवायला जागा नाही! प्रत्येक वॉर्डाने आपापला लाल शिक्का बनवून घेतला होता आणि दिसेल त्या फॉर्मवर हाणत होते. नवी बाटली आली की पुढे, जुन्या सरकत भिंतीला. मंदाबाईची बाटली भिंतीलाच टेकलेली. फॉर्मवर कुण्या दयाळू डॉक्टरने दोनदा शिक्का मारला होता.

"राऊत, काहून असं?" मी टेक्निशियनला विचारलं.

"मॅडम, साधे कमी असतात, पटकन उरकते. अर्जंटले हात लावला का दिवस जाते."

कपाळ माझं! ज्याला घाई, तोच शेवटी.

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले.

"लेखी तक्रार आहे का?" साहेब म्हणाले.

"तक्रार खिडकीत उभी आहे, सर. तो लाल शिक्काच बंद करा."

"शिक्का बंद केला तर वॉर्डवाले बोंबलतील."

"बोंबलू द्या. तुम्ही फक्त रोज सकाळी दहा मिनिटं लॅबमध्ये येऊन उभे राहा. बसू नका."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेही तोंड वाकडं करून. मागच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या आणि भडकले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

राऊत म्हणाला, "सर, तुम्ही इकडे येताच कुठं?"

मला वाटलं, आता याची बदली. पण साहेबांनी मागच्या बाटलीवरची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बरोबर आहे." इतकी वर्षं नोकरी केली, साहेबाच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले.

त्या दिवसापासून एकच टेबल, तारखेप्रमाणे ओळ. खरंच घाई असेल तर डॉक्टरने स्वतः फोन करून कारण सांगायचं. आठवड्यात फोन आले तीन. बाकीची सगळी घाई शिक्क्यातच होती.

मंदाबाईच्या नवऱ्याचा रिपोर्ट चौथ्या दिवशी निघाला. कॅन्सरच होता, पण ऑपरेशन करण्याजोगा. पंधरा दिवस आम्ही त्याला फुकट वाढू दिलं, याचा मला अजून संताप येतो. ऑपरेशननंतर काढलेली गाठ तपासणीसाठी पुन्हा आमच्याकडे आली. या वेळी मंदाबाईला रिपोर्टसाठी शुक्रवारची तारीख दिली.

शुक्रवारी ती मुक्कामाची पिशवी घेऊनच आली. क्लार्कने नाव विचारलं आणि कागद हातात दिला. ती घेईना.

"आजच? दुसऱ्या कोणाचा तं नाही देऊन राहिले?"

क्लार्कने नाव दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तिने कागद धरला. आम्ही काही विशेष केलं नव्हतं. सांगितलेल्या दिवशी सांगितलेलं काम केलं होतं, आणि सरकारी खिडकीवर तेवढ्याचाही माणसाला संशय येतो.