आधी शाई, मग थेंब

निवडणुकीची ड्युटी इतकी वर्षं केली की हाताला तिचंच वळण लागलं. मतदाराच्या बोटाला आधी शाई, मग मत. हा क्रम डोक्यात इतका पक्का बसला होता, की कंधार तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोलिओचा बूथ लागला तेव्हा मी तोच लावून मोकळी झाले.

सिस्टर दवाखान्यातून लशीचा थंड डबा घेऊन आल्या होत्या. त्या वर्गात टेबलाशी बसल्या, मी बाहेर व्हरांड्यात मार्कर घेऊन. त्यांनी एकदा सांगून पाहिलं, "मॅडम, आधी थेंब, मग शाई." मी म्हटलं, थेंब तोंडात गेला की पोरं हातपाय झाडतात, बोट सापडत नाही. शांत आहेत तोवर मी नख रंगवते आणि आत पाठवते. रांग लावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा माझा तेव्हा समज होता. सिस्टर माझ्याहून लहान, त्यामुळे त्यांनी माझंच चालू दिलं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी नववीला लस शिकवली होती. फळ्यावर आतड्याचं चित्र काढलं होतं. शास्त्रज्ञांनी पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत माकडाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला आणि असा कमजोर केला की तो शरीरात शिरतो, पण सहसा लुळं करत नाही. थेंब तोंडावाटे आतड्यात जातो. तिथल्या पेशी त्या कमजोर विषाणूला ओळखून ठेवतात आणि आतड्याच्या आतल्या बाजूला पहारा बसवतात. खरा विषाणूही तोंडावाटेच येतो, म्हणून पहारा तिथंच हवा. सुईने रक्तात पहारा बसतो, आतड्यात तितका बसत नाही. वर्गाला कळलं, मला फार समाधान वाटलं. रांगेतल्या बायांना मात्र मी यातलं अक्षर सांगितलं नाही. त्यांना फक्त सांगत होते, सरळ उभ्या राहा.

दुपारी बूथ आवरला. शाळेच्या नळावर एक आजी कडेवर नातू घेऊन पाणी पीत होत्या. त्याच्या करंगळीचं नख माझ्याच हातचं, छान काळं. मी कौतुकाने विचारलं, "थेंब कडू लागला का हो याला?"

"कसला थेंब?" आजी म्हणाल्या. "सून म्हनली, बोट रंगवून आना. आनलं की रंगवून. आत कशाला जाऊ?"

तूर कापायला गेलेल्या आयांनी पोरं आजीकडं, मावशीकडं दिली होती आणि निरोप एकच होता, बोट रंगवून आणा. दर वेळी शाई शेवटी लागते, शाई लागली की घरी जायचं, हे त्यांना पाठ होतं. मी नख रंगवलं आणि त्यातल्या काहींनी पायऱ्या उतरून सरळ घर गाठलं. मी मान खाली घालून पुढचं बोट धरत होते.

सिस्टरांनी डबा परत उघडला, आजीच्या नातवाच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि मग म्हणाल्या, "उद्यापासून घरोघर टीम फिरेल मॅडम. ती बोटच बघते, शाई दिसली की पुढं जाते."

म्हणजे मी नुसती चूक केली नव्हती. ज्या पोराला थेंब मिळाला नाही, त्याचंच दार मी बंद करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रजा टाकली आणि सिस्टरांबरोबर गाव पालथं घातलं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, पोराच्या तोंडात थेंब पडला का? एक बाई भडकली, "काल शाई लावली, आज परत औषध? पोराला काही झालं म्हंजी?" सिस्टरांनी तिला समजावलं, जास्तीच्या थेंबाने काही बिघडत नाही. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, चूक माझी आहे. असं पालकांपुढं मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. शंका आली तिथं सिस्टर थेंब देत गेल्या.

शेवटच्या गल्लीत एका घरात कळलं, माहेरपणाला आलेली लेक सकाळच्या एसटीने अर्धापूरला गेली. तिचा नवरा तिथं केळीच्या गाड्या भरतो. बूथवर तिच्या तान्ह्या मुलीला मावशीने आणलं होतं. मावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "आत लई गर्दी होती. मी न्हाई गेले."

मी तिथूनच लेकीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुझ्याकडं टीम येईल, तिच्याकडून मुलीला थेंब पाजून घे.

"टीम येऊन गेली की मॅडम, आत्ताच," ती म्हणाली. "म्या बोट दाखवलं. लई खूश झाल्या ताया. दारावर खडूनं लिवून गेल्या."

"पळत जा, हाक मार त्यांना," मी म्हटलं.

"कशाला मॅडम?" ती हसली. "शाई अजून तशीच हाय. तुम्ही लई चांगली लावली."