आवाज कोन्या हाताले?

प्रल्हादभाऊंच्या मुलाचा, सुमितचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला घराच्या ओट्यावर सायकल उलटी करून चेनला तेल देत होतो. हात बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "काका, बाबा पहाटे झोपेतच गेले," एवढंच तो बोलला. मागचं चाक अजून फिरत होतं, ते थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो. त्याच आठवड्यात आम्ही दोघं मेळघाटात, सिपना नदीच्या खोऱ्यात जाणार होतो, तेल त्यासाठीच चाललं होतं... मग हात पुसले आणि भाऊंच्या गावची, बडनेऱ्याची गाडी पकडली.

आता महिना उलटून गेला. भाऊंबद्दल लिही म्हणून दोघातिघांनी सांगितलं, पण माझ्या डोक्यात त्यांच्याविषयी इतके प्रश्न साचले होते की आठवणी बाजूला आणि प्रश्नच पुढे येत होते. मी भूगोलाचा मास्तर, कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि हा माणूस तर नुसता 'का?' होता.

आमची ओळख झाली ती एका लग्नाच्या पंगतीत. ते माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी सहज म्हणालो की सायकलनं अकोल्याहून आलोय, तर हा गृहस्थ ताट उचलून उठला आणि वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. मला वाटलं, पंख्याखालची जागा पाहिजे असेल. "आता सांगा," ते म्हणाले. भातकुलीच्या तहसील कचेरीत कारकुनी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि एक चांगली सायकल घेऊन बसले होते. सोबती मिळत नव्हता. वरणभात संपायच्या आत आमचं ठरलं होतं.

ओळखीच्या पिकअप गाडीत सायकली टाकून आम्ही परतवाड्यापर्यंत जायचो आणि तिथून मेळघाटात. पण घाटाच्या मोठ्या रस्त्यानं सरळ जातील तर ते भाऊ कसले. जिथवर जायची मुभा आहे तिथवरच जायचं, हा नियम ते कचेरीतल्या कागदासारखा पाळत. मात्र त्यातल्या त्यात सगळ्यात ओसाड वाट कोणती, याचा शोध घेतल्याशिवाय पायडल मारत नसत. शोधायची पद्धतही त्यांचीच. चहाच्या टपरीवर बसायचं आणि विचारायचं, "इथं खराब रस्ता कोनता आहे?"

"बाप्पा, लोकं चांगला रस्ता विचारतात. तुमी खराब काहून विचारून राह्यले?" एकदा एका चहावाल्यानं विचारलंच.

"चांगल्या रस्त्यानं सारेच येतात ना," भाऊ म्हणाले.

चहावाला माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होता, याचं डोकं ठीक आहे ना? पण त्यानं सांगितलेला रस्ता खरंच खराब निघाला, आणि काय सुंदर होता म्हणून सांगू! साग दोन्हीकडून वाकलेला, खाली वळणावळणानं नदी, सकाळपासून दुपारपर्यंत एक बैलगाडी तेवढी भेटली. गिट्टी उखडलेली, त्यामुळे हाडं खिळखिळी झाली ते सोडा. अशा किती वाटा त्यांनी शोधल्या! त्या वाटांची नावं मी इथं देणार नाही. ज्याला हव्या असतील त्यानं टपरीवर बसावं आणि खराब रस्ता विचारावा.

चालवतानाचा त्यांचा एक हुकूम होता. "मास्तर, तू माह्या मागं राय. पुढं जाऊ नोको." मी त्यांच्यापेक्षा लहान आणि पायांनी बराच तगडा, पण चढावरही मागंच. मनात म्हणायचो, कचेरीत साहेबाच्या मागं चालून जन्म गेला, आता पुढं राहायची हौस भागवतायत. एकदा माझा भाचा सोबत आला आणि मी मुद्दाम त्याला भाऊंच्या मागं ठेवून पुढं पळालो. त्या दिवशी भाऊ सारखी मान वळवून मागं बघत होते, दोनदा पडता पडता वाचले. दुसरं म्हणजे, कुठं लांबवर मोटारसायकलीचा आवाज आला की हे लगेच खाली उतरणार, सायकल गवतात घेणार, बाटली काढून पाणी पिणार. गाडी अजून दोन वळणं पलीकडे असायची. "भाऊ, एवढी कसली घाई?" मी चिडायचो. "तहान लागली बे," एवढंच उत्तर. या माणसाची तहान इंजिनावर चालते, असं मी त्यांच्यासमोरच म्हणायचो. ते हसायचे.

आणि ती परीक्षा! दाट झाडीत थांबलो की भाऊ हळूच विचारायचे, "मास्तर, पानी वाह्यते तो आवाज कोन्या हाताले?" मी कान देऊन ऐकायचो, हात दाखवायचो. "नक्की?" "नक्की." "शाब्बास." मोर ओरडला, सुतारपक्षी ठकठकला, कुठं कुऱ्हाड चालली, की प्रश्न तयार. आयुष्यभर पोरांना नकाशावर दिशा विचारणाऱ्या मला हा कारकून दिशा विचारणार! पण मला मजा येऊ लागली, चढाओढ वाटू लागली. एकदा कड्याखाली मी ठामपणे डावीकडे हात केला आणि भाऊ दोन्ही बाटल्या घेऊन बिनबोभाट करवंदीच्या जाळीत शिरले. पोटऱ्या ओरबाडून घेऊन, रिकाम्या हातानं परत आले. ओढा उजवीकडं होता. कड्यावर आपटून आवाज उलटा येत होता. मला वाटलं, आता नापास करणार. तर म्हणाले, "डोंगरानं फसवलं तुले." पण मग एवढा जाणकार परीक्षक स्वतः कसा फसला, हे कोडं मी घरी घेऊन आलो.

शेवटची फेरी हिवाळ्यातली. एका मोहाच्या झाडाखाली आम्ही भाकरीचं फडकं सोडलं होतं. गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा टक्‌टक् आवाज येऊ लागला. गुरं दिसत नव्हती. भाऊंनी विचारलं, "कोन्या हाताले?" मी म्हणालो, "डाव्या, खालच्या अंगाला. वर येतायत." ते उठले, सगळं अंगच हळूहळू त्या दिशेला फिरवून उभे राहिले.

"चालली काय?"

"चालली. आता वळणापलीकडं."

"सांगत राय."

मग मी सांगत राहिलो... आता चढावर, आता उजवीकडं सरकली, आता लांब. घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत मी बोलत होतो. तेव्हा ते शाब्बास म्हणाले नाहीत. खांद्यावर हात ठेवला आणि भाकरी खायला बसले.

परवा बडनेऱ्याला वहिनींना भेटायला गेलो. पुढच्या खोलीत भाऊंची खाट अजून तशीच होती, चादरसुद्धा. त्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्च्या कायम खाटेच्या उजव्या अंगाला. त्या दिवशी तिथं गाद्यांचा ढीग पडलेला, म्हणून मी एक खुर्ची ओढून डाव्या बाजूला बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातूनच बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे नोका बसू, यायले..." आणि थांबल्या. कप खाली ठेवला, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "बसा आता कुठंही."

वहिनींची बोट दाखवून बोलायची सवय मला ठाऊक होती. कुकरची शिटी झाली, दार वाजलं, की नवऱ्याला बोटानं दाखवायच्या. मी त्याला हुकूमशाही म्हणायचो. त्या दिवशी मी विचारलं, यांना काय, वहिनी?

"यायचा डावा कान लहानपनीच गेला होता. गालगुंडं झाले होते. आवाज ऐकू ये, पन कुठून येऊन राह्यला ते समजत नसे. एका कानानं दिशा लागत नाही म्हनत."

मला आधी आला तो राग. इतकी वर्षं मागं चाललो, आणि मला सांगायचं नाही? मी तसं बोललोही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सांगतलं असतं तर तुमी नेलं असतं काय जंगलात?"

मी खोटं बोलू शकलो नाही. नसतंच नेलं.

"मंग? सुमितनं तर सायकलले कुलूपच लावलं असतं. सायकल गेली असती तं हे घरातच बसून राह्यले असते." मग खाटेकडं बघून म्हणाल्या, "म्हनत, मास्तर मागं असला की मी मान वळवत नाही."

पंगतीतलं ते उठून बसणं, खराब रस्ते, गवतातली तहान, सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं. भाऊ माझी परीक्षा घेत नव्हते. ते मला रस्ता विचारत होते, आणि मी शाब्बासकीवर खूष होतो. खूप रडू आलं, ते मी दाबलंही नाही. वहिनींनी दुसरा चहा टाकला.

तो घेत असतानाच आत कुठंतरी फोन वाजला. भाऊंचाच फोन, वहिनी तो अजून रोज चार्ज करतात. सवयीनं त्यांचं बोट स्वयंपाकघराकडं गेलं. माझाही हात उठला होता, त्याच दिशेला. फोन वाजून वाजून थांबला, तरी आम्ही दोघं त्या रिकाम्या खाटेला आवाज कुठून येतोय ते दाखवत होतो.