एक ताट जास्त

डेट्रॉइटच्या विमानतळावर लेक मुक्ता भेटली तेव्हा यादी माझ्या हातातच होती: लोकरीचे मोजे, मेतकूट, तिचं सर्दीचं औषध, आणि अगदी तळाला, 'मुक्ताशी बोलणे'. गेल्या वर्षी हे गेले, तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तिला येता आलं नाही. दिवसकार्य मी याद्या करून पार पाडलं. तेराव्याला तिने फोनवर विचारलं, "आई, तू एकदा तरी रडलीस का?" मी फोन ठेवला. तेव्हापासून आमचं बोलणं हवापाण्यापुरतंच.

मुक्ता राहते त्या ॲन आर्बरमधले पहिले चार दिवस पाहण्यात गेले. नदीकाठचे लालभडक मेपल, सायकली, वेळेवर येणाऱ्या बस. एकदा उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. चालकाने शेवटच्या थांब्यावर न उतरवता तसंच परत आणून सोडलं. आभार मानायच्या माणसांत त्याला लिहून ठेवलं. मुक्ता म्हणाली, "आई, ही ट्रिप आहे, इन्स्पेक्शन नाही."

मुक्ता कन्फ्यूशियसच्या परंपरेवर संशोधन करते. मला समजलं ते एवढं: दया, लाज यांचे कोंब माणसात जन्मतःच असतात, रोजच्या रीतीभाती मनापासून पाळून ते वाढवायचे. भावना दाबायची नाही, तिला वळण लावायचं.

"म्हणजे याद्या करायच्या," मी म्हटलं. ती हसली नाही.

शनिवारी तिच्या मार्गदर्शक चेनबाईंकडे पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) होतं. मी भरली वांगी नेली. आम्ही दोघी, बाई आणि दोन विद्यार्थी, अशी पाच माणसं. ताटं मी मांडली. सगळे बसले तर एक ताट उरलं. मी ओशाळून ते उचलायला गेले, तर बाईंनी माझा हात धरला. त्यांच्या घरी नववर्षाच्या जेवणात वारलेल्या माणसांसाठीही ताट मांडतात, म्हणाल्या. कोणासाठी ते न विचारता त्यांनी त्यात भात वाढला, वर एक वांगं ठेवलं.

मुक्ता हळूच म्हणाली, "घरीपण मांडतेस?"

"रोज. मग लक्षात येतं, आणि उचलून ठेवते."

"बाबांचं ते काठाला चेपलेलं?"

"तेच."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मी तेव्हा फोनवर तसं विचारायला नको होतं, आई."

मग मी रडले, परक्या माणसांसमोर, चांगली वांगी गार होईपर्यंत. बाईंनी चहा ठेवला. दोघे विद्यार्थी मान खाली घालून जेवत राहिले. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नाशिकला परतल्यावर यादीतल्या शेवटच्या ओळीवर काट मारली. संध्याकाळी हात सवयीने चालले आणि दोन ताटं मांडली गेली. लक्षात आलं, पण या वेळी दुसरं उचललं नाही. त्यात घासभर भात वाढला आणि सावकाश जेवायला बसले.