दारात न विचारलेलं

लिस्बनच्या खोलीतून नव्या गावाला निघताना दह्याचा डबा उघडला आणि त्या आंबूस वासानं मला थेट संभाजीनगरच्या घराच्या दारात नेलं. तेव्हा चितेगावच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मी प्रवासवर्णनं लिहायला परदेशी निघालो होतो. आईनं तळहातावर दही ठेवलं. "अहो, बोला की त्याच्याशी," ती म्हणाली. बाबा नुसतेच माझ्या बॅगेकडं बघत राहिले. नोकरी सोडल्याचा राग धरलाय, असं समजून मी तणतणत रिक्षात बसलो.

काल फोनवर आई म्हणाली, "राग कसला रे! कुठं राहशील, कुठं जेवशील, हेच त्यांच्या ओठावर होतं. पण निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये म्हणून गप्प बसले."

आज लिस्बनच्या खोलीत दही चाटून मी बॅग उचलली. तरी पाय निघेना. कुणीतरी मागून "कुठं चाललास?" असं विचारावं म्हणून दारातच उभा राहिलो.